सत्तेचाळीस दिवसांचं शून्य

१

घड्याळजी वारले त्याला चार दिवस झाले होते, आणि ज्या पाण्याने त्यांचा जीव घेतला ते अजून नळांत तसंच उभं होतं. आरोग्य खात्याने वृद्धनिवासातल्या न्हाणीघरांच्या दारांना कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. शॉवर कुणी सोडायचा नाही, आत कुणी जायचं नाही. चाळीस म्हातारी माणसं ओल्या फडक्याने अंग पुसून दिवस काढत होती. दोघं खोकत होती, आणि एका आजींना इस्पितळात हलवलं होतं.

रविवारी सकाळी त्या पट्ट्यांपाशी आली ती घड्याळजींची मुलगी. लहानपणी कशालाही 'एक मिनिट' म्हणायची, म्हणून वडिलांनी तिचं नाव मिनिट ठेवलं होतं. त्याचं पुढे मिनू झालं, आणि चाळिशी आली तरी ते सुटलं नाही. न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात शिवणयंत्राच्या झाकणाएवढं जे यंत्र बसवलं होतं, तेही मिनूनेच बनवलेलं.

यंत्राचं काम सांगायला सोपं. त्याच्या पोटात नखाएवढी काच, काचेवर सोन्याचा पातळ थर, आणि त्या थरावर एकाच जातीच्या जंतूला धरून ठेवतील अशा रेणूंची पेरणी. तो जंतू कोमट पाण्यात, नळांच्या आत वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. दिवसातून तीनदा यंत्र गरम पाण्याच्या नळातून घोटभर पाणी ओढून घेई. काचेखालून प्रकाश सोडला की तो परत फिरे. वर जंतू बसले असतील तर परतताना जरासा वाकडा होई. तेवढ्यावरून आकडा निघे. आकडा पन्नासच्या वर गेला की तांबडा दिवा लागे.

घड्याळजींच्या फुप्फुसात तोच जंतू सापडला होता. आणि यंत्राने आकडा दाखवला होता शून्य.

आरोग्य खात्याचा तपासनीस कोनाड्यापाशी उभा होता. चेहऱ्याने थकलेला, पण बोलायला सरळ माणूस. त्याने यंत्राच्या मागे बोट दाखवलं. पाणी ओढणारी बारीक नळी गरम नळापासून सुटून लोंबत होती. नळाच्या तोंडाला कुणीतरी बूच मारलं होतं.

त्याचा हिशेब तयार होता. नळी सुटली, यंत्र हवा पीत बसलं, हवेत जंतू नसतात म्हणून शून्य. एकतर जोडणी कच्ची होती, नाहीतर इथल्या नळवाल्याने ती काढून बूच मारलं. नळवाला त्या यंत्राचा राग राग करायचा हे अख्ख्या निवासाला ठाऊक होतं. पहिली गोष्ट खरी असेल तर चाळीस ठिकाणची यंत्रं उतरतील, त्यातली सहा नवजात बाळांच्या वॉर्डांत आहेत. दुसरी खरी असेल तर नळवाला जाईल.

"उद्या चारला अहवाल द्यायचाय," तपासनीस म्हणाला. "खरं तर तुम्ही इथे यायला नको होतं. यंत्र तुमचं, वडील तुमचे."

"माहीत आहे मला," मिनू म्हणाली.

तिला काहीच होत नव्हतं. कानात पाणी गेलं की जग जसं लांबून ऐकू येतं तसं चार दिवस चाललं होतं. आत्या रोज फोन करून 'रडून घे ग, मोकळी होशील' म्हणायची, जसं काही पोट साफ व्हायचं औषध सांगतेय.

ती गुडघ्यांवर बसली आणि भिंग डोळ्याला लावलं. नळीची कडी धरून ठेवणारे दोन स्क्रू यंत्रामागे कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्यांच्या खाचांवर एकही ओरखडा नव्हता. वहीत तिने लिहिलं: स्क्रूवर ओरखडा नाही. आणि वही घाईने मिटली.

२

बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तिने वडिलांच्याच खोलीत लॅपटॉप उघडला. त्यांच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. समोरच्या खाटेवर त्यांचे खोलीतले सोबती बसले होते. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एरवी नद्यांची नावं उगमापासून सांगत बसणारा माणूस, आज खिडकीकडे तोंड करून गप्प होता. मिनूलाही बोलायचं नव्हतं. ते बरंच झालं.

यंत्र नुसता आकडा ठेवत नाही. प्रत्येक वेळी आत आलेल्या पाण्याची एक रेघ ठेवतं. ती रेघ बघायचं भान तपासनीसाला नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं.

सगळ्यात शेवटची नोंद गुरुवारी सकाळी सहाची. रेघ वेड्यासारखी वरखाली उडालेली. हवा. त्याआधीची बुधवारी संध्याकाळी सहाची, तीही हवा. बुधवारी दुपारी बाराची मात्र शांत, सरळ. म्हणजे पाणी. त्याच्या आधीच्या सगळ्या नोंदी, मागे मागे सत्तेचाळीस दिवसांपर्यंत, पाण्याच्याच.

तपासनीसाचा हिशेब तिथेच कोसळला. यंत्र हवा प्यायलं होतं ते फक्त शेवटच्या दोन वेळा.

ती आणखी मागे गेली. सत्तेचाळीस दिवसांपूर्वीच्या रेघा वेगळ्या होत्या. नळातलं गरम पाणी यंत्रात येऊन निवतं, निवताना प्रकाश थोडा जास्त वाकवतं, म्हणून रेघ सुरुवातीला चढते आणि मग स्थिरावते. प्रत्येक जुनी रेघ तशी होती, टेकडीच्या पायथ्यासारखी. नंतरच्या सगळ्या मात्र पहिल्या क्षणापासून सपाट. ते पाणी गरम नळातून आलेलंच नव्हतं. आणि सगळ्या रेघा जरा खालच्या पातळीवर होत्या. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते प्रकाश वाकवतात. या पाण्यात क्षार नव्हतेच.

डिस्टिल्ड पाणी. बॅटरीत घालतात ते.

वापरून झालेल्या काचा परिचारिका दर सोमवारी तारीख घालून पाकिटात ठेवत असे. अशा सात काचा होत्या. मिनूने त्या एकेक करून सुटकेसमधल्या छोट्या यंत्रात घातल्या आणि मेलेल्या जंतूंचं पाणी वरून सोडलं. सातही काचांनी जंतू पकडले.

यंत्र धडधाकट होतं. काचा धडधाकट होत्या. कुणीतरी यंत्राला सत्तेचाळीस दिवस दुसरंच पाणी पाजत होतं.

३

व्यवस्थापक साहेब भेटले ते हात चोळतच. त्यांच्याकडून तिने आधीची गोष्ट पुन्हा ऐकली, कारण तेव्हा ती स्वतः परगावी होती आणि सगळं फोनवरच कळलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी यंत्राने तांबडा दिवा लावला होता. अख्खी इमारत रिकामी केली, माणसं तीन दिवस जेवणघरात गाद्या टाकून झोपली. मग प्रयोगशाळेने पाणी तपासलं तर त्यात काहीच निघालं नाही. खोटी हाक, असं ठरलं. यंत्राला आणखी एक संधी देऊन परत चालू केलं. पण माणसांच्या तोंडाला कोण हात लावणार? घड्याळजी जेवायला बसले की कुणीतरी म्हणायचंच, जगाची घड्याळं नीट केलीत, पोरीचा गजर तेवढा राहिला. ते हसून साजरं करायचे.

मिनूने साहेबांना विचारलं, यंत्र नकोसं झालं होतं का? साहेबांनी कबूल केलं, झालं होतं. पण नको असतं तर एका सहीचं काम होतं. आणि यंत्राच्या मागे किती नळ्या आहेत हे त्यांना आजच कळलं. तिला ते पटलं.

परिचारिका बोलताना सरळ डोळ्यांत बघायची. काचा तिनेच बदलल्या, एकही सोमवार चुकला नाही. डिस्टिल्ड पाणी तिच्याकडे असतं, ऑक्सिजनच्या बाटलीला लागतं म्हणून.

"मला आकडा लपवायचा असता," ती म्हणाली, "तर नळी कशाला सोडू? काच माझ्या हातात असते. ब्लीचचा एक थेंब पुरे होता."

मिनूने मान हलवली. तेच तिच्या डोक्यात घोळत होतं. काच मारणं सगळ्यात सोपं, पण ती कुणी मारली नव्हती. उलट ज्याने हे केलं त्याने नळाचं गाळलेलं पाणी वापरलं नव्हतं, कारण त्यामुळे सोन्यावर क्षारांचा थर धरला असता. त्याने डिस्टिल्ड पाणी शोधून आणलं होतं. आकडा तर गप्प करायचा, पण यंत्राला इजा होऊ द्यायची नाही, अशा बेताने वागणारा माणूस होता तो.

"डिस्टिल्ड पाणी आणखी कुठे मिळतं इथे?"

"बॅटऱ्यांच्या खोलीत. नळवाल्याकडे." परिचारिका थांबली. "आणि मास्तरांकडे. झोपेत श्वास अडतो म्हणून तोंडाला यंत्र लावतात ना, त्यात ओलाव्यासाठी घालावं लागतं. हल्ली त्यांचे कॅन फार लवकर संपायचे. मी चेष्टेने म्हटलंसुद्धा, मास्तर, पिता की काय?"

४

नळवाला बॉयलरच्या खोलीत उपड्या बादलीवर बसला होता. बारा वर्षं त्याच खोलीत काढलेला माणूस. मिनूला बघून तो उठला नाही.

त्याने स्वतःच सांगून टाकलं की त्याला यंत्राचा राग होता, तांबड्या डोळ्याचं भूत म्हणायचा तो त्याला. पण हात लावला नाही. आणि मधले अकरा दिवस तो इथे नव्हताच, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पोटावरची खूण दाखवायला तो शर्ट वर करू लागला; मिनूने नको म्हटलं. त्या अकरा दिवसांतही यंत्रात तेच सपाट पाणी गेलं होतं. तिने त्याच्या पकडी बघितल्या, दात झिजलेल्या, आणि त्याने आवळलेल्या बॉयलरवरच्या स्क्रूंच्या खाचा बघितल्या. एकही धड नव्हती.

"बॉयलर किती तापवता?"

"पूर्वी साठच्या वर. मागे एका आजींचा हात भाजला, तेव्हा साहेबांनी बेचाळीसवर आणायला लावलं."

बेचाळीस. जंतूंना पाळणा घालून दिल्यासारखं. तिने आकडा वहीत लिहिला.

"आणि तांबडा दिवा लागला त्या दिवशी?"

"त्या दिवशी मीच घाबरलो. बॉयलर पुरा पेटवला आणि तासभर सगळे नळ सोडून दिले. वाफाच वाफा. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेवाले बाटल्या घेऊन आले."

मिनू भिंतीला टेकली. प्रयोगशाळेने तपासलं होतं ते उकळत्या पाण्याने धुऊन काढलेल्या नळांतलं पाणी. त्यात काय सापडणार? मग बॉयलर परत बेचाळीसवर आला, आणि नळांच्या कानाकोपऱ्यांत जे उरलं होतं ते पुन्हा वाढू लागलं.

म्हणजे पहिली हाक खरी होती. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. दोन महिने ती स्वतः त्यात नसलेली चूक शोधत बसली होती.

"बाई," नळवाला म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाटला.

५

मास्तर अजून खिडकीकडेच बघत होते. मिनू वडिलांच्या खाटेच्या कडेवर बसली. आता उरलं होतं ते एकच, आणि ते सकाळी भिंगातून बघितलं तेव्हापासून ती टाळत होती.

"बुधवारी दुपारी बाराला यंत्राला पाणी मिळालं," ती म्हणाली. "सहाला मिळालं नाही. मधे एकच गोष्ट घडली. साडेचारला इस्पितळातून बाबा गेल्याचा फोन आला. ज्या बाटलीतून यंत्राला पाणी जात होतं ती त्यानंतर उचलली गेली. मास्तर, बाटली कुठे आहे?"

मास्तर उठले, कपाट उघडलं आणि शर्टात गुंडाळलेली पाच लिटरची पांढरी बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. त्यांचे हात इतके थरथरत होते की झाकण खडखडलं.

"या हातांनी स्क्रू निघत नाहीत," मिनू म्हणाली. "तेही ओरखडा न उठवता."

"नाही निघत."

"बाबांनी काढले."

"हो."

ते खाटेवर बसले. मग सगळं संथपणे, वर्गात धडा समजावावा तसं, त्यांनी सांगितलं. खोटी हाक म्हणून गवगवा झाल्यावर घड्याळजी आठवडाभर झोपले नव्हते. टोमण्यांचं त्यांना काही नव्हतं. त्यांना काळजी पोरीची. एखादं घड्याळ चुकीचे टोले देत असेल आणि नवा भाग यायला वेळ असेल, तर घड्याळजी लोक त्याची हातोडी दोऱ्याने बांधून ठेवतात. घड्याळ चालत राहतं, टोले तेवढे बंद. तसंच करायचं त्यांनी ठरवलं. मिनूला चूक सापडेपर्यंत यंत्राला गप्प ठेवायचं. त्यांनी नळाला बूच मारलं, नळी बाटलीत सोडली, बाटली यंत्रामागच्या खाचेत बसवली. काचेला डाग पडू नये म्हणून पाणी मास्तरांच्या कॅनमधलं.

"पंधरा दिवसांचं काम आहे म्हणाले. तू रोज फोनवर म्हणायचीस, चूक अजून सापडत नाही. म्हणून वाढत गेलं."

"आणि इस्पितळात नेल्यावर?"

"स्ट्रेचरवरून मला म्हणाले, मी येईपर्यंत बाटली रिकामी होऊ देऊ नकोस. मी नाही होऊ दिली. सात दिवस भरली. ते गेल्याचं कळलं तेव्हा उचलून आणली." मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कशाने गेले ते मला गुरुवारी कळलं ग. पट्ट्या लावल्या तेव्हा. त्याआधी मला वाटलं, वय झालं."

मिनूने बाटली हातात घेतली. तळाशी दोन बोटं पाणी होतं. तिने विचारलं, पण विचारताना उत्तर तिला माहीत होतं: "दिवा लागला तर काय होईल, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"तूच."

तिला आठवलं. कचेरीत, एका हातात सँडविच, फोन टेबलावर उघडा. बाबांनी विचारलं होतं, पुन्हा असं झालं तर ग? आणि तिने घास गिळत सांगितलं होतं की पुन्हा झालं तर सगळीकडची यंत्रं उतरवतील. मग आपण काय करायचं, त्यांनी विचारलं. काही नाही हो बाबा, ती म्हणाली होती, दिवा लागला नाही म्हणजे झालं.

मग तिने फोन ठेवला होता, कारण दुसरा वाजत होता.

६

सोमवारी दुपारी तपासनीस, व्यवस्थापक आणि नळवाला कोनाड्यापाशी जमले. मिनूने नव्या काचेचं पाकीट फोडलं, बूच काढलं आणि नळी गरम नळाला जोडली. स्क्रू आवळताना तिचा हात स्थिर होता. रेघ टेकडीच्या पायथ्यासारखी चढली आणि स्थिरावली. मग आकडा सरकू लागला. बारा. एकतीस. अठ्ठ्याऐंशी. दोनशे सहावर तांबडा दिवा लागला आणि व्यवस्थापक साहेब दोन पावलं मागे सरले.

"म्हणजे पहिल्यांदाही खरं होतं," तपासनीस म्हणाला.

"हो."

"यंत्र बरोबर होतं तुमचं."

"हो."

नळवाल्याने कुठूनसं स्टूल आणून तिच्यामागे ठेवला. ती बसली नाही. सगळ्या माणसांना संध्याकाळपर्यंत हलवायचं ठरलं. या वेळी कुणी कुरकुर केली नाही.

तपासनीसाने तिला बाजूला घेतलं. निवेदनाचा कागद तिलाच भरायचा होता, यंत्र बनवणारी म्हणून. त्याचा आवाज खाली आला. घड्याळजींचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही, तो म्हणाला. माणूस गेला. 'अज्ञात व्यक्ती' लिहिलं तरी चालतं.

"मग संशय नळवाल्यावर राहील," मिनू म्हणाली. "जन्मभर."

त्याने पुढे आग्रह केला नाही.

कागद तिने आरोग्य खात्याच्या कचेरीतच भरला, खिडकीजवळच्या उंच टेबलावर उभ्याने. बॉयलर कुणी बेचाळीसवर आणला, नळ कधी धुतले, प्रयोगशाळेने कुठलं पाणी नेलं, सगळं लिहिलं. मास्तरांबद्दल लिहिलं की त्यांना पाण्यातल्या जंतूंची कल्पना नव्हती. 'कारण' या रकान्यात फोनवरचं वाक्य लिहिलं, कुणी म्हटलं आणि कधी, त्यासकट. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात वडिलांचं नाव. खाली 'निवेदन देणाऱ्याचे पूर्ण नाव', तिथे आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सही केली. चारला दहा मिनिटं कमी होती.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद वाचला, बोट वरच्या रकान्यावर ठेवलं, मग खालच्या, मग परत वरच्या.

"बाई, दोन ठिकाणी एकच नाव आलंय," तो म्हणाला. "लिहिताना चूक झाली का?"

"नाही," मिनू म्हणाली. "बरोबर आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. कचेरी बंद झाली, शिपाई कुलूप घेऊन आला आणि तिला रडताना बघून, कुलूप हातातच धरून, दारात थांबून राहिला.